मालूची अळी

आज सकाळी बाल्कनी झाडताना केरसुणीपुढे काळे दाणे घरंगळले. आधी वाटलं, मिरे सांडले. पण मिरे बाल्कनीत कशाला येतील? चष्मा चढवला, गुडघे धरून खाली बसले आणि एक दाणा चिमटीत घेतला. मिऱ्यापेक्षा जरा लांबट, अंगावर कंगोरे, आणि दाबला तर आत हिरवट, ओला. इतक्या वर्षांनी!

तगरीच्या कुंडीखाली पडले होते ते. मी लगेच झाडाकडे पाहिलं नाही. खालीच पाहत राहिले. सुके दाणे कुठे, ओले कुठे. जिथे ओले दाट पडलेत तिथून सरळ वर मान केली की पानाच्या पाठीमागे ती बसलेली असणार. होतीच. करंगळीएवढी जाड, पानाच्याच रंगाची, दोन्ही अंगांना पांढरी रेघ आणि शेपटीला आखूड पिवळं शिंग. काडीने डिवचलं तशी तिने मान आत ओढली आणि पाठीवरचे दोन निळे डोळे माझ्यावर वटारले. खरे डोळे नव्हेतच ते, नुसते ठिपके. पण लहानपणी त्या डोळ्यांना मी फार भ्यायचे.

"सापडलीस ना, बये!" मी मोठ्याने म्हटलं. आणि लगेच माझं डोकं फिरलं. कारण अळी अशी शोधायची रीत माझी नव्हे. ती मालूची. आयुष्यभर मी ज्या बाईवर जळले, तिचीच रीत ह्या वयात माझ्या गुडघ्यांत मुरून बसली आहे, आणि मला पत्ता नाही.

मालू म्हणजे माझी आतेबहीण. माझ्याहून वर्षाने लहान. कल्याणला असते. काचबिंदूने तिची नजर गेली, आता फक्त उजेड-अंधार तेवढा कळतो. येत्या रविवारी ती माझ्याकडे महिनाभर राहायला येते आहे. बोलावलं मीच. पण 'माझ्याकडे चल' म्हणताना जीभ जराशी जड झाली होती, हे कबूल करते.

आमचं तेव्हाचं घर इथून चालत दहा मिनिटांवर. आता खूण म्हणून विहिरीचा काठसुद्धा उरलेला नाही. तेव्हाची डोंबिवली म्हणजे स्टेशन, स्टेशनाजवळ चार दुकानं, मग सुटी सुटी कौलारू घरं आणि घरांच्या परसाला टेकलेली भातशेतं. श्रावण-भाद्रपदात भात पोटरीला आलं की सगळ्या गावाला दुधासारखा गोडसर वास यायचा. वारा फिरला की त्यात खाडीचा खारा वास मिसळायचा. घरात रॉकेलचे कंदील. त्यांच्या काचा रोज राखेने पुसायचं काम माझं. माझ्या फ्रॉकला कायम राखेचा नाहीतर तगरीच्या चिकाचा डाग. राखेचा जायचा. चिकाचा काळा पडून बसायचा तो बसायचाच.

अंगणात पाच तगरी होत्या. चातुर्मासात आईचा नेम असे, रोज एकशे आठ तगरीची फुलं महादेवाला वाहायची. एकशे सात चालायची नाहीत. त्यामुळे त्या चार महिन्यांत आमच्या घरी तगरीला जे माहात्म्य होतं ते पाहुण्यालाही नसे. आणि नेमक्या त्याच महिन्यांत अळ्या यायच्या. रात्रीतून फांद्या ओक्याबोक्या करायच्या. पानं खायच्या, कोवळ्या कळ्याही सोडायच्या नाहीत. आई कपाळावर हात मारून घ्यायची. "माझ्या महादेवाच्या आधी ह्यांचाच नैवेद्य!"

अण्णा, म्हणजे माझे वडील, ठाण्याला कचेरीत कारकून होते. डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारख्या काचा. त्या काढल्या की समोरचा माणूस बाई की बुवा तेही कळायचं नाही. पण झाडांचं वेड भारी. आणि अळी मारायची नाही, हा त्यांचा कायदा. "देवाला फूल मिळावं म्हणून जीव घ्यायचा? असलं पुण्य नको आपल्याला." अळी पानासकट तोडायची, द्रोणात घालायची आणि विहिरीपलीकडच्या बांधावर जी कण्हेर होती तिच्यावर नेऊन सोडायची. कण्हेरच का? तर तगरीसारखा तिलाही पांढरा चीक. "चिकाच्या झाडावरची चिकाच्याच झाडावर जगते," अण्णा सांगायचे. "दुसरं पान पुढे ठेवलंस तर उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही. मोठी मानी असते."

पण पानाच्या रंगाची अळी पानात शोधणार कोण? अण्णांना दिसायचं नाही. मग मी. सकाळी सहाला, ते सात बाराच्या गाडीला जायच्या आधी, आम्ही दोघं अंगणात. ते फांदी वाकवून धरायचे, मी पानन् पान उलटून पाहायचे. सापडली की ते मला म्हणायचे, "शाब्बास, माझा डोळा!" नावाने नाही हाक मारायचे. डोळा. संध्याकाळी गाडी आली की बांधावरून त्यांची छत्री दिसायच्या आधी त्यांचा आवाज यायचा, "डोळा कुठे आहे माझा?" मी धावत जाऊन डबा घ्यायचे. त्यांच्या कोटाला शाईचा आणि तपकिरीचा वास असे. दोन भाऊ होते मला, मोठे, हुशार, शाळेत पहिले येणारे. पण डोळा मी होते. एवढं एकच पद माझ्याकडे होतं. तेवढ्यावर मी राजाची राणी होते.

आणि आषाढात मालू आली.

का आली ते मला कोणी सांगितलं नाही. अण्णा एकदा चार दिवस गावी गेले आणि परतले तेव्हा त्यांच्या हातात एक हिरवी पत्र्याची ट्रंक आणि ट्रंकेच्या कडीला धरून चालणारी ही. दोन पातळ वेण्या, गुडघ्यावर खपली, बोलणं नाही. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजपासून ही तुझी धाकटी बहीण. तिला काही विचारायचं नाही." मी नाही विचारलं. पण पाहत होते ना! मालू जेवायची नाही, म्हणून आई तिच्या भातावर तुपाची धार जरा लांब धरायची. मालू झोपेत दचकायची, म्हणून आईची कूस तिला. मालूचे केस विंचरताना आई गुणगुणायची, आणि माझे विंचरताना "हलू नकोस गं, मुंज्या बसलाय का अंगात?" असं ओरडायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आयत्या बिळावर नागोबा! मनातल्या मनात मी तिला असंच म्हणायचे. नागोबा.

तरी सकाळचं अंगण माझं होतं. पंधरा दिवस मालू पायरीवर बसून आमच्याकडे नुसती पाहायची. एकदा सकाळी मी तिसऱ्या तगरीची पानं उलटून उलटून दमले, एक अळी काही मिळेना. अण्णा घड्याळ पाहत होते. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला.

"ताई, वर नको बघू. खाली बघ."

मालू उकिडवी बसली होती, हनुवटी गुडघ्यावर. मातीतला एक काळा दाणा तिने उचलला, दोन बोटांत दाबला. "हा ओला आहे." मग मान वर केली, बोट नेलं ते नेमकं एका पानाखाली. "ही बघ."

तिथेच होती, लठ्ठ! मी ते पान दोनदा उलटलं होतं.

"अगं, तुला गं कसं सुचलं?" अण्णा खालीच बसले तिच्याशेजारी, धोतर चिखलात.

"ती खाईल तर टाकेलच ना मामा खाली," मालू म्हणाली. आल्यापासून इतकं लांब वाक्य ती पहिल्यांदाच बोलली होती.

अण्णा हसले, आणि इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "पोरीने अळीचा ठावठिकाणाच काढला की!" त्या दिवशी तिने एकामागून एक सात काढल्या. मी द्रोण धरून उभी. संध्याकाळी बांधावरून आवाज आला, "मुलींनो, कुठे आहात?" मी गेलेच नाही डबा घ्यायला. कंदिलाची काच पुसत बसले, आणि ती पुसता पुसता फुटली. आईने धपाटा घातला. मालूने काचा वेचल्या.

त्यानंतर माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते काय सांगू! तिने अळी काढली की मला अळीचाच राग यायचा. मी तिची रीत वापरायची नाही असं ठरवलं, आणि पानं उलटत बसले आणि रोज हरले. गोकुळाष्टमीच्या आसपास तिने अण्णांना 'मामा'ऐवजी चुकून 'अण्णा' म्हटलं. म्हटल्यावर जीभ चावली. अण्णांनी पाट सरकवून तिला जवळ बसवलं. मी ताटावरून उठले. "काय झालं गं?" आईने विचारलं. "भाजी तिखट आहे," मी म्हटलं. भाजी पडवळाची होती.

अण्णांची एक जुनी हौस होती. ह्या अळीचा पुढे पतंग होतो आणि तो फार सुंदर, हिरवा असतो असं त्यांनी ऐकलं होतं. पाहिला कधीच नव्हता. त्या भाद्रपदात त्यांनी ठरवलं, एक अळी पाळायची. मालूने काढलेली सगळ्यांत मोठी अळी निवडली. बिस्किटांचा रिकामा डबा घेतला. "परकं वाटायला नको तिला," म्हणून तळाला तगरीखालचीच माती घातली. कोष बांधायला म्हणून एक काटकी रोवली. वरून जुन्या धोतराचं फडकं, त्याला सुतळी. डबा ठेवला पडवीत, फडताळाखाली.

मग अण्णांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. माणूस शहाणा होता, माझं तोंड त्यांना चष्म्याशिवायही दिसत असणार. "मालूने शोधली, म्हणून ती मालूची अळी," ते म्हणाले. "पण तिला पानं घालायची ती माझ्या डोळ्याने. मालूने फक्त पाणी शिंपडायचं. कबूल?"

डोळा म्हणाले खरं. पण आधी काय म्हणाले? मालूची अळी. माझ्या कानात तेवढंच राहिलं.

दोन दिवस मी ताजी पानं घातली. काय खायची ती! पानाच्या कडेला तोंड लावून वरून खाली, वरून खाली, कातरीने कापावं तशी. शांत दुपारी कान लावला तर करकर ऐकू यायची. तिसऱ्या संध्याकाळी मी तगरीजवळ गेले आणि तिथून पुढे चालत कुंपणाशी गेले. जास्वंदीची चार पानं तोडली. जास्वंदीला चीक नसतो हे मला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं. लहान होते, कळत नव्हतं, असलं काही मी आज सांगणार नाही. ती अळी मरावी आणि मालूचं काहीतरी एकदा तरी फसावं, एवढंच मला हवं होतं.

फडकं सोडलं, तगरीची पानं काढली, जास्वंदीची घातली. अळी एका पानापर्यंत आली, कडेला तोंड टेकवलं, मागे घेतलं. पुन्हा टेकवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या संध्याकाळी तिचा रंग उतरला. पाठ काळपट, विटकरी झाली आणि ती डब्याच्या कडेकडेने गरगर फिरायला लागली, दार शोधत असल्यासारखी. मी फडकं घट्ट बांधलं आणि आत जाऊन शुभंकरोती म्हणायला बसले. वाटत होतं, आता उठून तगरीची दोन पानं टाकावीत. उठले नाही.

सकाळी डब्यात अळीच नव्हती. नुसती जास्वंदीची पानं, हिरवीगार, शाबूत. गेली कुठे? मुंग्यांनी ओढून नेली? फडक्यात फट राहिली होती? मला काही कळेना, आणि अण्णा तर पडवीत आलेच.

"अळी कुठे गेली?"

"मालूने फडकं नीट बांधलं नाही," माझ्या तोंडून गेलं. "पाणी शिंपडायला सोडते आणि सैल बांधते. मी सांगितलं होतं तिला."

मालू दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी डबा उजेडाला नेला, त्यातलं एक पान काढलं, चिमटीत चुरगाळलं, बोट बोटावर घासलं. मला वाटलं, यांना कुठे दिसतंय! मग त्यांनी पानं परसात टाकली आणि मालूच्या डोक्यावर हात ठेवला. "बाळ, सुतळी घट्ट बांधत जा हं." बस्स. एवढंच. मला वाटलं होतं, रागावतील, अळीचं काम काढून घेतील, सकाळचं अंगण मला परत मिळेल. कसलं काय! उलट मालू दुपारी जेवली नाही म्हणून आईने तिच्यासाठी साखरभात केला. माझ्या ताटातही वाढला होता. मी कुत्र्याला घातला.

अण्णा डबा रिकामा करायला निघाले तर मालू म्हणाली, "राहू दे ना." ठेवला मग. रोज ती त्या मातीवर पाणी शिंपडायची. मला हसू यायचं. आमच्याकडे जवळच्या पाड्यातली एक आगरीण माळवं घेऊन यायची, बायजा. पडवीत टोपली उतरवून पाणी प्यायची. एकदा मालूने तिला विचारलं, अळी हरवली तर कुठे जाते? बायजाने डब्यात डोकावून पाहिलं. "मेली नाय गो पोरी," ती म्हणाली. "मातीन निजली आसल. उकरू नको हां." मी आतून ऐकलं आणि नाक मुरडलं. मातीत कधी कोणी झोपतं का?

पंधराएक दिवस गेले असतील. दिवेलागणीची वेळ होती. मी माजघरात वाती वळत होते, आणि पडवीतून अण्णांची हाक आली. अण्णा असे कधी ओरडायचे नाहीत. "अगं, या! लवकर या! निघाला! पतंग निघाला!"

मी धावले नाही. वाटलं, आता सगळं बाहेर येणार. पतंग निघाला म्हणजे अळी कुठे गेलीच नव्हती. म्हणजे मी खोटं बोलले. आणि खोटं का बोलले, तर जास्वंदीची पानं. मी तांदळाच्या कणगीमागे जाऊन बसले, भिंतीकडे तोंड करून. कणगीच्या शेणाच्या लिंपणाचा वास, आणि पडवीतून येणारे आवाज. आई म्हणते, "अगंबाई, काय रंग देवाचा!" भाऊ म्हणतात, "पंख बघ, पंख!" मालूचा आवाज नाही. मग एक फडफड, आणि सगळ्यांचा मिळून "गेलाऽऽ".

अण्णांनी मला शोधून काढलं. कणगीमागे येऊन वाकले. मी डोळे मिटले, आता थप्पड बसेल म्हणून. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास, माझा डोळा," ते म्हणाले. "मालू म्हणते, तू पानं घातलीस म्हणून जगला तो. पाहिलास ना?"

"हो," मी म्हटलं. "दारातून पाहिला."

तेव्हापासून आज इतकी वर्षं मी दारातून तो पतंग पाहिलेला आहे. लग्नाकार्यात सगळी जमली की विषय निघायचाच. अण्णा म्हणायचे, काय हिरवा होता! मालू म्हणायची, त्यात गुलाबी रेघ होती, नाही का गं ताई? मी म्हणायचे, होती ना. अण्णांच्या तेराव्याला सुद्धा तो पतंग निघाला, आणि मी मान डोलावली. पण खरं दुखणं ते नव्हतं. खरं दुखणं असं, की त्यानंतर अण्णांनी मला डोळा म्हटलं की मला आतून काहीतरी टोचायचं. ती शाबासकी मालूने दिलेली होती. माझ्या बापाची शाबासकी, आणि तीही मला तिच्या हातून घ्यावी लागली. तिने चुगली केली असती तर मी तिचा उभा जन्म द्वेष केला असता आणि मोकळी झाले असते. तिने चांगुलपणा केला. चांगुलपणावर कसं जळायचं, सांगा. मी मात्र तेही केलं.

इथवर सांगितलं त्याला आता तीनएक आठवडे झाले. ठरल्याप्रमाणे त्या रविवारी मालू आली. तिच्या मुलाने आणून सोडली. तोवर मी अळी एका प्लॅस्टिकच्या डब्यात घातली होती, माती, पानं, काटकी, वरून जाळीचं कापड, सगळं रीतसर. आणि शुक्रवारी ती विटकरी होऊन मातीत गेलीसुद्धा. मी मालूच्या हातात डबा दिला. तिने कापडावरून बोटं फिरवली, वास घेतला आणि चेहरा असा उजळला की मला पुन्हा दहा वर्षांची झाल्यासारखं वाटलं.

"तगरीची अळी? अगं ताई! किती दाणे होते खाली?"

"होते पुष्कळ," मी म्हटलं. आणि मग का कोण जाणे, तिथेच बोलून टाकलं. तिला दिसत नाही म्हणून धीर आला असेल. "मालू, त्या वेळी जास्वंदीची पानं मी घातली होती. मुद्दाम. आणि सुतळीचं खोटं सांगितलं."

"माहीत आहे की," मालू म्हणाली. इतक्या सहज, जसं काही मी तिला आज वार कोणता ते सांगितलं.

"माहीत होतं? मग तू..."

"अण्णांनाही माहीत होतं. पान चुरगाळलं ना त्यांनी. हाताला चीक लागला नाही." ती हसली. "त्याच संध्याकाळी मला विहिरीवर घेऊन गेले. म्हणाले, तिला कधी बोलून दाखवू नकोस हं. पतंग निघाला तेव्हा मला म्हणाले, तुझ्या ताईला मी सांगतो, पानं तिने घातली म्हणून जगला असं तूच म्हणतेस. तुझं नाव घेतलं तर तिला पटेल. मी म्हटलं, पण तिने तर उपाशी ठेवलं होतं. तर म्हणाले, अळीचं पोट तेव्हा भरलेलंच होतं, म्हणून तर मातीत गेली. पोट भरलं नाहीये ते आपल्या पोरीचं."

बाल्कनीखाली मुलं सायकली फिरवत होती, त्यांच्या घंट्या ऐकू येत होत्या. अण्णांना माहीत होतं. जास्वंदीचं पान हातात चुरगाळून, सगळं कळून, ते कणगीमागे वाकले होते. माझा डोळा म्हणाले होते. म्हणजे ती शाबासकी मालूची नव्हती. त्यांचीच होती, अगदी पहिल्यापासून. डोळे भरून आले माझे. अण्णा, अहो, मला एकदा तरी सांगायचंत ना!

आणि खरं सांगते, पदराने डोळे पुसून व्हायच्या आतच माझ्या पोटात पुन्हा तीच जुनी कळ आली. विहिरीवर घेऊन गेले. दोघंच. म्हणजे हेही ह्या दोघांचं! एवढं मोठं गुपित, माझ्याविषयीचं, आणि जन्मभर ह्या दोघांनी ते आपापसांत ठेवलं, मला बाहेर ठेवून. मी फणकाऱ्याने उठले आणि चहा ठेवला. मालूच्या चहात साखर मुद्दाम कमी घातली. तिने तो आनंदाने प्यायला.

काल दिवेलागणीला आम्ही दोघी बाल्कनीत बसलो होतो. मी जपाची माळ ओढत होते. मालूने एकदम मान कलती केली. "ताई, डब्यात काहीतरी खसखसतंय."

मी कापडाकडे पाहिलं. माती हलली होती. एक ओलं, चुरगळलेलं काहीतरी काटकीवर चढून बसलं आणि तिथे थरथरत राहिलं. पंख आधी चिंधीसारखे, मग हळूहळू भरत गेले, आणि रंग यायला लागला. शेवाळाचा हिरवा, कोवळ्या पानाचा हिरवा, भाताच्या पोटरीचा हिरवा. आणि हो, त्यात एक गुलाबी रेघ.

"निघाला का गं?" मालूने विचारलं. "तस्साच आहे ना? तेव्हाच्यासारखा?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. सवयच होती. पण ते हो बाहेर आलं नाही.

"मला काय माहीत," मी म्हटलं. "तेव्हा मी पाहिलाच नव्हता. मी कणगीमागे होते."

मालूने हात चाचपडत माझा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटलं.

"मग मला काही सांगू नकोस आता," ती म्हणाली. "आधी तू पोटभर बघ."

घ्या! हेसुद्धा पुन्हा तिनेच द्यायचं. मेली कुठली! मी तिचा हात गुडघ्यावर तसाच राहू दिला आणि बघत बसले.